एकच गळा

कानसेनने बटण फिरवलं आणि दादा बोलला.

दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि गेलेली माणसं ध्वनिमुद्रणाच्या खोलीत येऊन बोलत नाहीत हे तिला कळत होतं. मानसशास्त्राची प्राध्यापक होती ती, एवढं तर कळायलाच हवं. तरी हातातला चहा हिंदकळला, थोडा कागदांवर सांडला, आणि ती तशीच उभी राहिली. भिंतींना लावलेल्या राखाडी स्पंजमध्ये सगळे आवाज मुरून जायचे, पण हा मुरला नाही. 'चूक झाली ती माझ्या देखरेखीत झाली,' दादा म्हणत होता, 'ती माझ्या माणसांवर मी ढकलणार नाही.' कानसेनने मागे वळून पाहिलं. तो या विभागाचा ध्वनितंत्रज्ञ. तानसेन व्हायला जमलं नाही म्हणून कानसेन झालो, असं तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. "फार खाली गेला का हो मॅडम?" त्याने विचारलं. "राक्षसासारखा वाटतोय? थोडा वर घेतो." "नको," ती म्हणाली, "हात लावू नका त्याला." ती 'त्याला' म्हणाली हे तिच्या लक्षात आलं, कानसेनच्याही आलं असावं. पण त्याने खिशातला रुमाल काढला आणि कागदांवरचा चहा टिपून घेतला.

आवाज तिचाच होता. आदल्या दिवशी याच खोलीत, याच माइकसमोर बसून तिने तो मजकूर वाचला होता. प्रयोग तसा साधा होता. एका मोठ्या गोदामाच्या प्रमुखाची जागा भरायची आहे, आणि एक उमेदवार स्वतःबद्दल बोलतोय, एवढंच लोकांना ऐकवायचं. निम्म्यांना बाईच्या आवाजात, निम्म्यांना पुरुषाच्या. मजकुरात 'करतो-करते' असं कुठे येऊ दिलं नव्हतं, त्यामुळे काना-मात्रेचाही फरक नाही. मग विचारायचं, हा माणूस कर्तबगार वाटतो का, प्रेमळ वाटतो का, याच्या हाताखाली काम कराल का. बाई वेगळी आणि पुरुष वेगळा घेतला असता तर उद्या कुणीही उठून म्हणालं असतं, अहो, त्या बाईचा आवाजच किरटा होता, त्यात समाजाचा काय दोष! म्हणून तिने ठरवलं होतं, गळा एकच हवा. बाईने वाचायचं आणि कानसेनने तोच आवाज यंत्रावर खाली उतरवायचा. ज्या निवेदिकेला बोलावलं होतं तिचा घसा ऐन वेळी बसला, खोली पुन्हा लवकर मिळणार नव्हती, आणि तात्पुरतं म्हणून ती स्वतःच माइकसमोर बसली. प्रयोग करणाऱ्याने आपल्याच प्रयोगात शिरायचं म्हणजे परीक्षकाने पेपर सोडवायला बसण्यासारखं, हे ती विद्यार्थ्यांना दर वर्षी बजावायची. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तात्पुरतं म्हणून केलेल्या गोष्टींची मुळं किती खोल जातात हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही.

भावंडांचे आवाज सारखे असतात यात नवल ते काय? एकाच घरातली हाडं, एकाच घरातलं नाक. घरी फोन आला की पलीकडच्याला आई बोलते आहे की ती हे कळायचं नाही, तसंच हे. असं तिने त्या संध्याकाळी बसथांब्यावर उभं राहून स्वतःला समजावलं, आणि बस आली तेव्हा चढायचं विसरून गेली. दादाचा आवाज कुठेही उरलेला नव्हता. त्याला फोनवर बोलायचा कंटाळा, तो लिहून कळवायचा, तेही 'पोचलो', 'बरं', 'बघू' एवढंच. त्याच्या लग्नाच्या चित्रफितीत सगळ्यांच्या बोलण्यावर कुणीतरी सनई चढवून ठेवली होती, त्यात दादाचे ओठ हलायचे आणि सनई वाजायची. तो गेल्यावर सुरुवातीला तिला त्याचा आवाज हवा तेव्हा आठवता यायचा. मग तो पुसट होत गेला, आणि एक दिवस भाजी चिरताना तिच्या ध्यानात आलं की आता नुसता अर्थ आठवतो, आवाज नाही. त्या दिवशी ती जितकी रडली तितकी तो गेला तेव्हाही रडली नव्हती. आणि आता तो एका राखाडी खोलीत, बटणाच्या एका वळणावर परत आला होता.

चाचणीसाठी काही लोक बोलावले, कचेऱ्यांमधून काम करणारी साधी माणसं. छोट्या छोट्या कप्प्यांमध्ये कानाला हेडफोन लावून ती बसली आणि परीक्षेला बसल्यासारखं मान खाली घालून लिहू लागली. संध्याकाळी तिने उत्तरं वाचली. बाईच्या आवाजाबद्दल एकाने लिहिलं होतं, 'हुशार आहे, पण आगाऊ वाटते.' एकीने लिहिलं होतं, 'हिच्या हाताखाली काम म्हणजे रोजची कटकट.' चुकीबद्दलच्या त्या वाक्यावर एकाने खाली रेघ मारून म्हटलं होतं, 'स्वतःच कबूल करते आहे, म्हणजे हातून चुका होत असणार.' आणि पुरुषाच्या आवाजात नेमक्या त्याच वाक्यावर दुसऱ्याने लिहिलं होतं, 'चूक अंगावर घेतो. असा साहेब मिळायला नशीब लागतं.' इतकं स्वच्छ उत्तर तिला इतक्या वर्षांत मिळालं नव्हतं. विभागप्रमुख बाई तर टाळी देण्याच्या बेतात होत्या. "अगं, हे म्हणजे हातच्या कांकणाला आरसा कशाला!" त्या म्हणाल्या. "लाव कामाला. सोमवारपासून मोठा गट सुरू कर." हो म्हणताना आपल्याला राग यायला हवा होता असं तिला वाटलं. तिच्याच आवाजाला लोकांनी आगाऊ म्हटलं होतं, तिच्याच वाक्यावर रेघ ओढली होती, आणि या असल्या रेघा मोजण्यातच तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण राग कुठे सापडेना. तिला मुळी आनंदच झाला होता, आणि तोही लाजिरवाणा. लोकांना दादा आवडला होता.

मग ती रोज दुपारी ती खोली मागून घेऊ लागली. आवाज तपासायचा आहे म्हणायची. कानसेन किल्ली द्यायचा आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसायचा. दार लावलं की जगाचं येणं-जाणं थांबायचं, पंख्याचासुद्धा आवाज नाही, आणि मग दादा बोलायचा. तो गोदामाबद्दल बोलायचा, मालाबद्दल, वेळेवर येणाऱ्या आणि न येणाऱ्या गाड्यांबद्दल. गोदामाशी दादाचा काय संबंध! पण तिला ते चालायचं. डोळे मिटले की खुर्चीची पाठ गार लागायची आणि बाबांच्या वर्कशॉपचा वास यायचा, ओल्या काचेचा. चष्म्याच्या काचा घासायचं वर्कशॉप होतं ते. ओळीने मशीनं फिरत, त्यांच्यावर पाणी आणि तांबूस भुकटी यांचा चिखल सतत उडत असायचा, आणि कामगारांचे हात कोपरापर्यंत तांबडे दिसत. तिला आत यायला मनाई नव्हती. मनाई फक्त बोलायला होती, तीही कुणी केली नव्हती, नुसती ठरून गेली होती. ती बोलली की बाबा म्हणत, "झाली सुरू हिची टकळी." दादा बोलला की मशीन हळू करत. हे तिला तेव्हा खुपायचं, नंतर त्यावर तिने शोधनिबंध लिहिले, पण दादावर तिचा राग कधी नव्हता. तो होताच तसा, असं तिला वाटायचं. बोलण्यात वजन असलेला.

त्या वजनाची एक गोष्ट ती वर्गातही सांगायची. बाबा इस्पितळात होते आणि वर्कशॉप दादाच्या अंगावर पडलं होतं, त्याच्या हाताशी तीही तिथे असायची. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा सगळा माल उलटा गेला, डाव्या डोळ्याच्या काचा उजवीकडे आणि उजव्याच्या डावीकडे. गिऱ्हाईक तणतणत आलं, कोणत्या कामगाराने केलं ते सांगा म्हणून अडून बसलं. कामगार एकमेकांकडे बघेनात. आता कुणाच्या तरी पोटावर पाय येणार हे प्रत्येकाला कळत होतं. आणि तेव्हा दादाने मशीन बंद केलं आणि म्हणाला, चूक झाली ती माझ्या देखरेखीत झाली, ती माझ्या माणसांवर मी ढकलणार नाही, माल नव्याने करून देऊ. त्या शांततेत पाण्याचा थेंब पडलेला तिला अजून ऐकू यायचा. बाबांनी पुढे ही गोष्ट आल्या-गेल्याला सांगितली. दादाची लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा तर गोष्टीला चांगलं तिखट-मीठ लागलं. ती स्वतः तोवर शिकायला लांब गेली होती. दर सुट्टीत घरी आली की गोष्ट आधीपेक्षा थोडी मोठी झालेली असायची. प्रयोगाचा मजकूर लिहिताना उमेदवाराच्या तोंडी काय घालावं हे तिला सुचेना, तेव्हा हेच वाक्य हातातून उतरलं होतं. दादाचं वाक्य दादाच्याच आवाजात परत आलं म्हणून तर तिचा इतका विश्वास बसला. आता सोमवारपासून शेकडो अनोळखी माणसं हेडफोन लावून त्याला गुण देणार होती, आणि काम संपलं की नियमाप्रमाणे ती फाईल पुसून टाकायची होती. हे दोन्ही तिला सोसणार नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट होती, तिला साक्षीदार हवा होता. एकटीला ऐकू येणारा माणूस हा माणूस असतो की आजार, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? दादाला ओळखेल असं आता एकच माणूस तिच्या घरात होतं.

शनिवारी तिने कानसेनकडे फाईलची प्रत मागितली. प्रयोगाची सामग्री विभागाबाहेर न्यायची नाही हा नियम त्यानेच दारावर डकवला होता. तो कान खाजवत उभा राहिला. "घरच्या कुणाचा आहे वाटतं आवाज," तो म्हणाला. तिने मान हलवली. "मॅडम, एक सांगू? फोटो बरा. फोटो बघून माणूस गेला हे कळतं. आवाज ऐकला की माणूस आलाय असं वाटतं, आणि मग परत जावं लागतं त्याला." तरी त्याने प्रत दिली. देताना दारावरच्या नियमाकडे पाठ करून उभा राहिला, एवढंच.

आई खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती. तिला आता डोळ्यांनी कमी दिसायचं, टाके बोटांनी चाचपून घालायची, पण कान असे तिखट की शेजारच्या घरात दुधाचं पातेलं उतू गेलं तरी हिला आधी कळायचं. दादाबद्दल ती फारसं बोलायची नाही. त्याचं नाव निघालं की काहीतरी काम काढून उठायची, आणि काम नसलंच तर पाणी प्यायची. लेकीने तिच्यासमोर मोबाईल ठेवला. हे बरं नव्हे, तिला वाटलं, म्हातारीच्या जखमेवरची खपली आपण आपल्या हौसेसाठी काढतो आहोत. पण ओढ अशी होती की हात थांबेना. "आई, एक आवाज ऐकवू?"

"ऐकव की. गाणं आहे?"

"नाही, बोलणं आहे. तू फक्त सांग, कुणाचं ते."

दादा बोलू लागला. गाड्या, माल, वेळ. आईची सुई थांबली. तिने मान किंचित तिरकी केली, अगदी तशी जशी ती जिन्यावरची पावलं ओळखताना करायची. चूक झाली ती माझ्या देखरेखीत झाली, दादा म्हणाला. आवाज संपला. आईने दोरा ओढून घेतला, दाताने तोडला आणि विचारलं, "तुला तेव्हा सर्दी झाली होती का गं?"

"मला?"

"घसा बसल्यासारखा वाटतोय. काढा घेतला नसशील."

"आई, हा आवाज पुरुषाचा आहे. सगळ्यांना पुरुषाचा वाटला. इतक्या लोकांनी ऐकला."

"वाटू दे. बोलतेयस तू." आईने सुई नवा दोरा घालायला तिच्या हातात दिली, जणू विषय संपला. "दुसरी बाजू मांडायच्या आधी श्वास घेतेस ना तू, हुंकारासारखा, तो काय लपतोय? लहानपणापासून आहे. भांडायला उभी राहिलीस की आधी तो श्वास यायचा."

तिने सुईत दोरा घातला. सुई परत दिली. मग म्हणाली, "दादा नाही वाटत?" हे म्हणताना आपण लहान मुलीसारखं बोललो असं तिला वाटलं. आईने मान वर केली. तिला नीट दिसत नव्हतं, तरी ती बराच वेळ लेकीच्या चेहऱ्याच्या दिशेने बघत राहिली. "दादा?" ती म्हणाली. "अगं, दादा एवढं सलग कधी बोललाय?"

"पण वाक्य त्याचंच आहे. वर्कशॉपमध्ये तो त्या दिवशी बोलला होता. काचा उलट्या गेल्या तेव्हा."

"त्या दिवशी तू बोललीस."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचं पिंपिं चालू होतं. ते थांबल्यावर आई म्हणाली, "मी दारात डबा घेऊन उभी होते की. तो पाण्याच्या पिंपाशी उभा होता, भिंतीला टेकून. घामाने सदरा चिकटला होता पोराचा. तू मशीन बंद केलंस, तो श्वास घेतलास, आणि बोललीस. मला मेलीला वाटलं, आता तो माणूस हिच्या कानाखाली देतो की काय. पण गप्प झाला बघ."

"मग बाबा काय म्हणत होते सगळ्यांना?"

"त्यांना इस्पितळात कुणीतरी सांगितलं, तुमच्या पोराने सांभाळलं. बसले ते धरून. दादाने दोनदा तोंड उघडलं, बाबा, मी नव्हतो म्हणून. ते म्हणाले, असू दे, विनय चांगला असतो. त्यांना ऐकायचंच नव्हतं."

"आणि तू?"

आई अभ्र्याची शिवण अंगठ्याने दाबत राहिली. "मी कशाला तोंड उघडू म्हटलं. त्याचं लग्न जमत होतं. पोराचं नाव होतंय तर होऊ दे. तुझं काय, तू शिकून जाणारच होतीस." मग म्हणाली, "चुकलंच माझं ते."

तिला आधी आईचा राग आला, मग बाबांचा, पण ते दोन्ही राग दारापर्यंत येऊन परत गेले, कारण आत भलतंच काहीतरी कोसळत होतं. आठवण म्हणजे काय चीज आहे हे ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती. फळ्यावर आकृत्या काढल्या होत्या. आणि आपलंच वाक्य, आपलाच बंद मशीनवर ठेवलेला हात, आपल्या तळव्याला लागलेला तो तांबडा चिखल तिने स्वतःच उचलून दादाला देऊन टाकला होता. तिथे ते जास्त शोभत होतं म्हणून. कप्प्यात बसून रेघा ओढणारी ती माणसं आणि ती यांत काय फरक होता? त्यांनी निदान अनोळखी माणसाचं ऐकलं होतं. हे सगळं तिला लख्ख दिसलं, पण ते समजल्याचं समाधान काही झालं नाही. कारण ज्या दादाला ती इतके दिवस त्या राखाडी खोलीत भेटत होती, तो आता उठून गेला होता. तो नव्हताच तिथे. तिथे तीच होती, घसा बसलेली. आणि खरा दादा कुठे होता? तिने त्याला आठवायचा प्रयत्न केला. पिंपाशी टेकलेला, घाबरलेला, सदरा चिकटलेला एक मुलगा दिसला, लग्नाच्या वयाचा, तरी पोरसवदा. त्याने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. किती एकटा असेल तो! जन्मभर लोकांनी त्याच्यासमोर मशीनं हळू केली आणि तो काय बोलणार याची वाट पाहिली. त्याला कुणी विचारलं का, तुला बोलायचं आहे का? तिनेही नाही विचारलं. तिनेही वाटच पाहिली. तिला एकाएकी त्याची इतकी आठवण आली, आधी कधीच आली नव्हती इतकी, कारण आज पहिल्यांदाच तो तिला वजनाशिवाय दिसत होता, आणि त्याच्याशी बोलायचं सगळंच राहून गेलं होतं.

"आई," ती म्हणाली, "मग तो कसा बोलायचा गं? मला काही केल्या आठवत नाही."

आई उठून पाणी प्यायला जाईल असं तिला वाटलं. पण आईने सुई अभ्र्यात टोचून ठेवली, अभ्रा मांडीवरून बाजूला केला आणि हात एकमेकांत गुंतवून बसली. ओठ एकदा हलले, थांबले. मग तिने मान खाली घातली, हनुवटी छातीकडे नेली, आणि तिच्या त्या बारीक, फाटलेल्या, सत्तरी उलटलेल्या बाईच्या आवाजात म्हणाली, "म्हणजे कसंय ना, आई... नाही, तसं नाही... म्हणजे, तू रागावणार नसशील तर..." आणि नाकातून हसली, वाक्य अर्धंच टाकून, स्वतःलाच हसल्यासारखी.

दादा खोलीत होता. त्याच्या चपलांसकट, दारात घुटमळणाऱ्या पायांसकट, कधीच पुऱ्या न होणाऱ्या वाक्यासकट होता. लेकीने दोन्ही हातांनी आईचा गुडघा धरला आणि तिला हुंदका आवरेना. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. 

"परत म्हण ना," ती म्हणाली.

आई परत म्हणाली.